फायब्रोमायल्जिया असताना रूट कॅनल: दाढ काढावी की वाचवावी?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत आणि शाळेत शिकवतात. सहा वर्षांपासून त्यांना फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर कायम दुखत राहण्याचा आजार आहे. सकाळी ड्युलोक्सेटिन ३० मिलिग्रॅम आणि रात्री प्रिगॅबालिन ७५ मिलिग्रॅम चालू आहे. महिनाभर खालची उजवी दाढ दुखते आहे आणि डॉक्टरांनी रूट कॅनल करून कॅप बसवायला सांगितलं आहे. दोन वर्षांपूर्वी साधं सिमेंट भरून आल्यावर त्यांचा जबडा, मान आणि खांदा असा धरला, की चार दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. त्यामुळे त्या विचारतात: पुन्हा पुन्हा आ करून बसण्यापेक्षा दाढ एकदाच काढून टाकली तर? नाहीतर हे सगळं कसं निभवायचं? आणि शाळेतून रजा किती दिवस काढायची?

ताई, मी २६ वर्षं दातांचं काम करते आहे, त्यातलं बरंचसं रूट कॅनलचंच. कायमचं दुखणं घेऊन जगणारे पेशंट माझ्याकडे येतात आणि त्यांच्याकडूनच मी यातलं बरंच शिकले आहे. दाढ काढायचा निर्णय नेहमी घाईत होतो, म्हणून त्याचं उत्तर आधी देते.

दाढ काढली की त्रास कमी, हे तुमच्या बाबतीत खरं नाही. खालची मोठी दाढ दोन मुळांवर घट्ट हाडात बसलेली असते. ती काढायची म्हणजे हलवून हलवून सैल करायची, आणि तो सगळा जोर कानापुढच्या जबड्याच्या सांध्यावर जातो. फायब्रोमायल्जियात हा सांधा आणि चावण्याचे स्नायू आधीच दुखरे असणं फार नेहमीचं आहे. मागच्या वेळी तुमचा जबडा धरला तो त्यातूनच. दाढ काढल्यावर हाडात खड्डा राहतो आणि तो भरायला काही महिने लागतात. मग वरची दाढ हळूहळू खाली उतरू लागते, शेजारची कलते, तुम्ही नकळत डाव्या बाजूने चावायला लागता आणि डाव्या गालाचे स्नायू तक्रार करू लागतात. ती जागा भरायची तर ब्रिज किंवा इम्प्लांट, म्हणजे परत तीच खुर्ची. रूट कॅनलमध्ये हाडाला हात लागत नाही, दाढेच्या आतली आजारी नस काढून ती पोकळी भरली जाते. नीट बधिर करून केलं तर शरीराला होणारी इजा दाढ काढण्यापेक्षा कमीच. मूळ उभं तडकलं असेल किंवा कॅप धरायला वर दाढच शिल्लक नसेल, तर मात्र काढण्याला पर्याय नाही.

पण त्याही आधी, दुखतेय ती हीच दाढ आहे याची खात्री हवी.

यात दोन बाजूंनी चूक होते आणि मी दोन्ही पाहिल्या आहेत. एक माझ्याच हातून झाली. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. जवळच्या गावातून साठीकडे झुकलेल्या एक काकू आल्या. उजव्या गालात वीज चमकते म्हणायच्या. खालच्या एका दाढेला थोडी कीड होती. मी ती दाढ काढली. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, चमक तशीच. मी शेजारची काढली. बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं, की जन्मभराची मिश्री सुटली, कारण हिरडीला बोट लागलं की कळ मस्तकात जाते, आणि सकाळी तोंड धुवायची भीती वाटते. ते मी ऐकलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. पुढे मेंदूविकार तज्ज्ञांनी कार्बामाझेपिन सुरू केलं आणि काही दिवसांत ती चमक थांबली. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया होता, चेहऱ्याच्या नसेचा आजार. त्या दोन दाढा गेल्या त्या गेल्याच. तेव्हापासून पुरावा हातात आल्याशिवाय मी दाढेला ड्रिल लावत नाही.

दुसरी चूक उलट्या बाजूची. फायब्रोमायल्जियाच्या पेशंटची दाढ खरोखर सडलेली असते, पण घरचे म्हणतात, 'हिचं रोज काहीतरी दुखतंच,' आणि डॉक्टरही कागदावरचं आजाराचं नाव वाचून तेच म्हणतात. मग एक दिवस गाल सुजतो आणि पू येतो. तुमच्या आजाराने तुम्हाला दातदुखीपासून सूट दिलेली नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

हे दोन्ही टाळायला माझ्या मते सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे आपली भाषा. पेशंट नुसतं 'दुखतंय' म्हणाला की मी विचारते, ठणकतंय, सणकतंय, आंबतंय, की अवघडलंय? ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर उसळणारं दुखणं. आडवं झालं की वाढतं, गरम चहाने भडकतं, रात्री झोपेतून उठवतं. असं असेल तर आतली नस सुजली असण्याची शक्यता मोठी. दात आंबणं म्हणजे गार पाणी, लिंबू, आइस्क्रीम लागलं की झिणझिणी, आणि घोट गिळेपर्यंत थांबते. बहुतेक वेळा त्यामागे उघडं पडलेलं मूळ किंवा झीज असते, तिथे रूट कॅनलची गरज नसते. सणक, चमक, विजेचा झटका, सेकंद-दोन सेकंदाचा, गालाला वारा लागला, चूळ भरली, पदर घासला तरी येणारा, तो नसेकडे बोट दाखवतो. भाकरीचा एखादा कडक तुकडा किंवा शेंगदाणा नेमका एका टोकाखाली आला आणि चावून सोडताना टचकन कळ आली, तर दाढ तडकल्याचा संशय घ्यायचा. आणि सकाळी उठल्यावर गाल भरून आलाय, जबडा अवघडलाय, कानापासून दाढांपर्यंत ओढ लागलीय, नेमकी कुठली दाढ ते बोट ठेवून दाखवता येत नाही, असं असेल तर मी आधी स्नायू तपासते. गालातला चावण्याचा जाड स्नायू खालच्या दाढांमध्ये हुबेहूब दातदुखी पाठवतो. तो दाबल्यावर पेशंट चटकन म्हणतो, 'हेच, हेच ते दाढेचं दुखणं.'

शब्दांवर मात्र निकाल देत नाही, तपासणी करतेच. तुमच्यासारख्यांच्या तपासणीत एक काळजी घ्यावी लागते. दाढेवर आरशाच्या दांड्याने टकटक केली तर फायब्रोमायल्जियात चार दाढा दुखतात. म्हणून एकाच दाढेवर टकटक करून काही कळत नाही. आधी डावीकडची तीच दाढ, मग शेजारच्या दोन, आणि शेवटी संशयित. गार लावून पाहतानाही क्रम तोच. निरोगी दाढेला गार लागतं आणि काही सेकंदांत निघून जातं. नस सुजली असेल तर कळ अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळते. नस मेलेली असेल तर काहीच जाणवत नाही. सगळ्यांत एकच दाढ वेगळी वागली आणि एक्स-रेनेही साथ दिली, तर तो पुरावा. तरीही शंका उरली तर दाढ बधिर करून पाहायची. पूर्ण बधिर झाल्यावरही दुखणं जसंच्या तसं असेल, तर उगम दुसरीकडे आहे. तुमच्या डॉक्टरांनी यातलं काय केलं ते विचारा. विचारण्यात अवमान नाही. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो.

आता धरू या, की दाढ खरोखरच बिघडली आहे. मग पुढचं सगळं नियोजन एका गोष्टीभोवती फिरतं: खुर्चीत तुम्हाला कळ जाणवू द्यायची नाही.

त्याचं कारण असं. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०१७ साली 'नोसिप्लास्टिक' नावाचा वेदनेचा तिसरा प्रकार मान्य केला. ऊतीला इजा नाही, नस तुटलेली नाही, तरी चेतासंस्थेचं वेदना हाताळण्याचं कामच बदललेलं असतं. फायब्रोमायल्जिया हे त्याचं ठळक उदाहरण. आधीच चिंब झालेल्या रानात एक सर आली तरी ओढ्याला पूर येतो, तसं. मला ज्या टोचणीची आठवण तासाभरात जाईल, ती तुमच्या शरीरात दोन दिवस फिरत राहते. म्हणून 'थोडं सहन करा, झालंच' हे वाक्य तुमच्या बाबतीत चालणार नाही. ते दोन मिनिटांचं सहन करणं पुढचे चार दिवस खातं. हे मनाचे खेळ नाहीत, आणि ते तुम्हाला कुणाला पटवूनही देत बसायचं नाही. फक्त एवढं म्हणा, 'मला जास्त बधिर करावं लागतं, वेळ जास्त लागला तरी चालेल.'

बधिर करण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळं यावरच अवलंबून आहे. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत २ टक्के लिग्नोकेन ॲड्रेनॅलिनसह वापरतात. पुष्कळ ठिकाणी ते ३० मिलिलिटरच्या बाटलीत असतं आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवलेली असते. थंडगार औषध टोचलं तर जास्त दुखतं. मी सकाळी दिवसभराची बाटली बाहेर काढून ठेवते. ॲड्रेनॅलिन असलेलं औषध मुळात आम्लधर्मी असतं, म्हणून आत जाताना चरचरतं. त्यावर उपाय म्हणजे हळू टोचणं. मी मनात मोजते, एक मिलिलिटरला निदान एक मिनिट. त्याआधी हिरडी कोरडी करून बधिर करणारी जेल दोन मिनिटं ठेवते. घाईने लावून लगेच सुई घातली तर जेलचा काही उपयोग होत नाही.

खालच्या दाढेला इंजेक्शन मागे, जबड्याच्या कोपऱ्याजवळ देतात. ओठ जड झाला की पेशंटला वाटतं झालं, आणि डॉक्टरलाही तसंच वाटतं. पण ओठ बधिर म्हणजे दाढ बधिर नव्हे. सुजलेल्या नसेच्या दाढेत तर हे फार घडतं, आम्ही आपसांत तिला 'हॉट टूथ' म्हणतो. म्हणून ड्रिल लावण्याआधी मी पुन्हा गार लावून पाहते. काहीच जाणवलं नाही तरच सुरू. जाणवलं तर गालाच्या बाजूने आर्टिकेन हे दुसरं बधिर करणारं औषध, किंवा दाढ आणि हाडाच्या फटीत थोडं औषध. यात दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं मागून घ्या. काम सुरू होण्याआधी डॉक्टरांना म्हणा, 'एकदा गार लावून बघाल का?' बस.

इंजेक्शननंतर मिनिटभर छाती धडधडली, हात थरथरले, तर घाबरू नका. ॲड्रेनॅलिनमुळे तसं होतं आणि ओसरतं. तुम्ही ड्युलोक्सेटिन घेता हे डॉक्टरांना माहीत हवं, म्हणजे ते सुई शिरेत नाही ना हे मागे ओढून पाहतील आणि प्रमाण बेताचं ठेवतील. ॲड्रेनॅलिन पूर्ण वगळा असं मी म्हणणार नाही. त्याशिवाय भूल लवकर उतरते आणि तुमच्यासाठी ते जास्त वाईट.

मागच्या वेळी चार दिवस का गेले, त्याचा माझा अंदाज सांगते. भूल अपुरी पडली असेल, तोंड बराच वेळ ताणून उघडं राहिलं असेल, आणि माझा सगळ्यात मोठा संशय म्हणजे सिमेंट थोडं उंच राहिलं असेल. केसभर उंच. निरोगी माणसाला ते दोन दिवस खटकतं आणि झिजून जातं. तुमच्या जबड्याचे स्नायू मात्र प्रत्येक घासाला तो उंचवटा चुकवायला बघतात आणि आखडतात. तोंड बधिर असताना उंची कळत नाही. त्यातून खुर्चीत आडवं पडून चावलं तर जबडा किंचित मागे सरकलेला असतो. म्हणून उंचवटा दाखवणाऱ्या निळ्या कागदावर चावून बघायचं ते ताठ बसून, आणि भूल उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जराही खटकलं तर लगेच परत जायचं. 'होईल कमी' म्हणून थांबायचं नाही. घासून कमी करायला तीन मिनिटं लागतात.

तोंड उघडं धरायचं काम स्नायूंवर टाकू नका. दाढांमध्ये धरायचा रबरी ठोकळा असतो, लहान मापाचा मागा. त्यावर नुसतं टेकायचं, आ करून धरायचं नाही. तीन बोटं मावतील इतकं नाही, दोन बोटं पुरे. दर दहा मिनिटांनी ठोकळा काढून जबडा मिटायचा, जीभ टाळूला लावून खांदे सैल सोडायचे. रबर डॅम म्हणजे दाढेभोवतीचा रबरी पडदा लावला तर पाणी घशात जात नाही आणि सारखं गिळावं लागत नाही. माझ्या बऱ्याच पेशंटना त्याने हायसं वाटतं. डावा हात वर म्हणजे थांबायचं, हे आधीच ठरवा आणि सुरुवातीलाच एकदा उगाच वर करून पाहा. डॉक्टर खरंच थांबले की निम्मी भीती जाते.

खुर्ची पूर्ण आडवी करू देऊ नका. मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघ्यांखाली उशी. घरची शाल न्या, कारण दवाखान्यातला एसी तुमच्या पाठीला सोसत नाही आणि गारठलेले स्नायू आधी आखडतात. आवाजाचा त्रास होत असेल तर कानात गाणी लावा.

किती बैठकांत करायचं, यावर माझं मत ठरलेलं नाही, पेशंट पाहून बदलतं. पुस्तकी सल्ला म्हणजे छोट्या छोट्या बैठका. पण प्रत्येक बैठकीत नवं इंजेक्शन, रिक्षाचे खड्डे, बाहेरच्या बाकावर तासभर बसणं, परतीची गर्दी, हे सगळं शरीराच्या हिशेबात धरावं लागतं. तालुक्याहून येणाऱ्या माझ्या एका पेशंटला चार छोट्या बैठकांनी जेवढं थकवलं, तेवढं दीड तासाच्या एका बैठकीने थकवलं नसतं, असं मला नंतर वाटलं. तुम्ही जवळच राहत असाल तर रूट कॅनलच्या दोन बैठका, प्रत्येकी पाऊण तासाच्या आतल्या, आणि मग कॅपच्या दोन. पहिल्या बैठकीत नस निघाली की ठणका बहुतेक जातो, म्हणून ती बैठक अर्धवट सोडू नका. बाकीच्या पुढे-मागे झाल्या तरी चालतात, फक्त कॅप महिनोन्‌महिने लांबवू नका. नस काढलेली मोठी दाढ कॅपशिवाय तडकते आणि मग काढावीच लागते.

वेळ घेताना सकाळी नऊची घेऊ नका. सकाळचा ताठरपणा सरल्यावर, साडेअकरा-बाराची घ्या, आणि त्या वेळचा पहिला नंबर मागा म्हणजे बाहेर बसावं लागणार नाही. पोटभर नाश्ता करून जा. नेहमीच्या गोळ्या त्या दिवशीही घ्यायच्याच. 'दातांचं काम आहे म्हणून गोळ्या बंद केल्या' असं सांगणारे पेशंट मला दर महिन्याला भेटतात. प्रिगॅबालिन आणि ड्युलोक्सेटिन अचानक थांबवली तर त्याचाच वेगळा त्रास सुरू होतो.

गोळ्यांच्या बाबतीत तीन गोष्टींवर माझा फार जोर आहे.

पहिली म्हणजे ट्रामाडॉल. दाताचं काम झालं की ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी सर्रास लिहिली जाते. ड्युलोक्सेटिनबरोबर ट्रामाडॉल घेतलं तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक वाढू शकतं: थरथर, घाम, ताप, बेचैनी, आणि क्वचित झटके. प्रिगॅबालिनबरोबर गुंगीही वाढते. फायब्रोमायल्जियासाठी ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. चिठ्ठी हातात आल्यावर औषधाच्या दुकानात जाण्याआधी नाव वाचा.

दुसरी म्हणजे केटोरोलॅक, पाण्यात विरघळणारी ती छोटी गोळी, जी आपल्याकडे दातदुखीला बिनचिठ्ठीसुद्धा लोक घेतात. गोळी जोरदार आहे, पण पोटाला आणि मूत्रपिंडाला कडक. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर आणि ५ दिवसांच्या वर ती घ्यायचीच नाही, आणि दुसऱ्या दाहशामक गोळीबरोबर तर कधीच नाही. ड्युलोक्सेटिनमुळे रक्तस्रावाची प्रवृत्ती थोडी वाढते, त्यात हिची भर नको. तुम्हाला अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल, रक्त पातळ करणारं औषध नसेल आणि तुमच्या फिजिशियनची हरकत नसेल, तर आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दातदुखीला उत्तम चालते. जेवणानंतर, आठ-आठ तासांनी, दोन दिवस. बाजारात दोन्ही एकत्र असलेली गोळी मिळते. ती घेत असाल तर वर वेगळी पॅरासिटामॉल घेताना दिवसाची बेरीज ३ ग्रॅमच्या आत ठेवा. महत्त्वाचं म्हणजे, पहिला डोस भूल उतरायच्या आधी घ्यायचा. खालच्या जबड्याची भूल तीन ते पाच तास राहते. 'दुखलं तर घेईन' हे इतरांना जमतं, तुम्ही घड्याळ बघून घ्या.

तिसरी म्हणजे अँटिबायोटिक. नस सुजल्याने होणाऱ्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो. सूज पसरली, ताप आला, तोंड उघडेना, तर लागतात. 'आधी पाच दिवस कोर्स घ्या, मग बघू' असं कुणी सांगितलं तर कारण विचारा, कारण त्या पाच रात्री तुम्हालाच जागून काढायच्या असतात.

हे सगळं खुर्चीत बसल्यावर आठवत नाही. फायब्रोमायल्जियात डोकं धुकट होतं, ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून अर्ध्या पानावर लिहून न्या आणि पहिल्याच भेटीत हातात द्या: आजाराचं नाव, चालू गोळ्या आणि वेळा, ट्रामाडॉल नको, मागच्या वेळी काय झालं, भूल जास्त लागते, दर दहा मिनिटांनी थांबा, आणि तुमच्या फिजिशियनचा नंबर. निघताना डॉक्टरांच्या सूचनाही लिहून घ्या, किंवा कुणाला बरोबर न्या. माझ्याकडे एक ताई असा कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणतात. तो वाचायला मला अर्धं मिनिट लागतं आणि पुढचं सगळं काम वेगळं होतं.

घरी आल्यावर गालावर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-दहा मिनिटं, फक्त पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून गालाच्या स्नायूला आणि मानेला गरम शेक. दोन दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताक-भात. भूल असताना चावू नका, ओठ चावला जातो. गोळी घेऊन लवकर झोपा. झोप मोडली की तुमचं अंग दुसऱ्या दिवशी दुप्पट दुखतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. चौथ्या दिवशीही जबडा ताठ असेल तर डॉक्टरांना दाखवा. गाल सुजला, ताप आला, गिळायला त्रास झाला, तर चौथ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी जा.

हा त्रास परत येऊ नये म्हणून एक गोष्ट. तुमच्या दोन्ही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. ॲमिट्रिप्टिलिन घेणाऱ्यांचं तर फारच. लाळ दिवसभर दात धूत असते. ती आटली की हिरडीलगत, दाताच्या मानेपाशी कीड धरते आणि बाहेरून पटकन दिसत नाही. तुमच्या दाढेची कीड तिथूनच सुरू झाली असेल तर मला नवल वाटणार नाही. रात्री उशाशी पाणी ठेवा, तोंड ओलं करायला लिमलेटच्या गोळ्या चघळू नका, बिनसाखरेचा च्युइंगगम जबड्याला झेपेल तेवढाच. आपल्याकडच्या पेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत हजार भाग) असतं, कोरड्या तोंडाला ते अपुरं पडतं. म्हणून दर तीन महिन्यांनी दवाखान्यात फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या. पाच मिनिटांचं काम, सुई नाही, ड्रिल नाही. बोटं आखडत असतील तर ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवा, किंवा बॅटरीवरचा ब्रश घ्या. आणि कुणी दाढेवर तंबाखूची मिश्री लावायला सांगितली तर ऐकू नका. लवंगेचं तेल एका रात्रीपुरतं चालेल, तेही कापसाच्या बोळ्याला टेकवून दाढेतल्या खड्ड्यापुरतं. हिरडीवर सांडलं तर ती भाजते.

हे वाचणाऱ्यांत फायब्रोमायल्जियाऐवजी ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेले कुणी असतील, तर त्यांच्यासाठी दोन वाक्यं. त्या आजारात मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून खुर्चीत डोकं मागे टाकण्याआधी डॉक्टरांना सांगा. मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा हाडांसाठीची इंजेक्शनं चालू असतील, तर दाढ काढण्याआधी तुमच्या तज्ज्ञांशी बोलणं झालंच पाहिजे.

आता रजेचं. लोक शनिवारी काम करून घेतात, रविवार मिळतो म्हणून. मी तुम्हाला गुरुवार सुचवेन. गुरुवारी अर्धा दिवस शाळा, मग दवाखाना. शुक्रवार आणि शनिवार रजा. दाढ खटकली किंवा जास्त दुखलं तर या दोन दिवसांत दवाखाना उघडा असतो, आणि रविवारी पूर्ण विश्रांती. परीक्षेचा आणि निकालाचा आठवडा टाळा, तेव्हा तुमची झोप आधीच तुटलेली असते. पाच-सहा तास वर्गात बोलणं हे जबड्याचं मोठं काम आहे, म्हणून सोमवारी पहिल्या दोन तासांना मुलांना लेखी काम द्या, आणि मुख्याध्यापकांना गुरुवारीच सांगून ठेवा, की सोमवारी परिपाठ तुमच्याकडे नको.